तपासलं, पण वाचलं नाही

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)

 

आपल्याला दहावी होऊन पस्तीस वर्षं झाली. म्हणजे हिशेबाने आज आपण सगळे काठावर पास झालो!

संयोजकांनी मला सांगितलं, "तू इतकी वर्षं शिकवतोयस, शिक्षणावर दहा मिनिटं बोल." शिक्षण हा विषय दहा मिनिटांत मला झेपणार नाही. म्हणून एकाच कामाबद्दल बोलतो. ते मी नोकरीत सगळ्यात जास्त केलं आणि बरीच वर्षं चुकीचं केलं. ते म्हणजे वह्या आणि पेपर तपासणं.

आधी एक फोन सांगतो. मेळाव्यासाठी 'ब' तुकडीला फोन करायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या एका मित्राचा नंबर मोठ्या खटपटीने मिळवला. आवाज ऐकून त्याला आनंद झाला, जुन्या आठवणी निघाल्या, सगळ्या सर-बाईंची चौकशी झाली. मग मी म्हटलं, "येतोयस ना?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "अरे, पत्रिका बघितली मी. माझं गणित आणि इंग्रजी राहिलं होतं. ऑक्टोबरला बसलो, तरी गणित राहिलंच. तुम्ही या सगळे." तो आज इथे नाही. पत्रिकेचं शेवटी बोलतो.

आता माझी चूक. नोकरीची सुरुवातीची वर्षं. पाचवीचा वर्ग, पटावर पन्नासच्या वर मुलं. त्यात एक शांत मुलगी होती. वजाबाकीच्या दहा गणितांच्या चाचणीत तिला तीन गुण मिळाले. मी लाल शाईने सात फुल्या मारल्या, खाली शेरा लिहिला, "लक्ष दे. सराव कर," आणि पालकांची सही आणायला सांगितली. पुढच्या चाचणीतही तीन. त्याच्या पुढच्या चाचणीतही तीनच. मी प्रत्येक वेळी तोच शेरा लिहिला. तिसऱ्या वेळी सहीच्या वर वडिलांनी लिहून पाठवलं, 'हिला गणित येत नाही.'

दुसऱ्या सत्रात एकदा तिची वही माझ्यासमोर उघडी राहिली होती आणि मला घाई नव्हती. तेव्हा पहिल्यांदा मी ती नीट पाहिली. ५२ वजा २७, उत्तर ३५. ८१ वजा ४६, उत्तर ४५. ७० वजा ३४, उत्तर ४४. सगळी उत्तरं चूक, पण एकाच पद्धतीने चूक. प्रत्येक घरात ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती, मग मोठा अंक वर असो की खाली. ज्या तीन गणितांत हातचा लागत नव्हता, ती तिन्ही बरोबर होती.

मी तिला जवळ बोलावून विचारलं, "इथे सातातून दोन का काढलेस गं?" ती म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलंय, लहानातून मोठं जात नाही."

खरंच, मीच सांगितलं होतं. फळ्यावर हातच्याची वजाबाकी शिकवताना पहिलं वाक्य तेच असतं. पुढचं, दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुटे घ्यायचे हे, तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. म्हणजे ती निष्काळजी नव्हती. माझा अर्धा नियम ती अगदी इमानाने पाळत होती आणि मी तिला 'लक्ष दे' म्हणत होतो.

काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलो. पंधरा-वीस मिनिटांत तिला कळलं, दोन दिवसांत गणितं बरोबर यायला लागली. पण गोष्ट इथे सुखाने संपली नाही. नंतर अपूर्णांक सुरू केले, तेव्हा पहिलं उदाहरण सोडवायच्या आतच ती म्हणाली, "सर, मला गणित येत नाही." वजाबाकी दुरुस्त झाली होती. पण माझ्या तीन चाचण्यांनी तिला जे शिकवलं होतं, ते पुसायला वर्षाचे उरलेले महिने पुरले नाहीत. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या शिक्षकांच्या वर्गात गेली.

तेव्हापासून चूक दिसली की मी आधी विचार करतो, या मुलाच्या बाजूने हे बरोबर कसं वाटलं असेल? बहुतेक वेळा कारण सापडतं. श्रुतलेखनात 'त्रेपन्न' म्हटलं की काही मुलं ३५ लिहितात. आपल्या भाषेत आधी तीन ऐकू येतो आणि नंतर पन्नास. मूल ऐकल्या क्रमाने लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी संख्यांची नावं आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला, आठवत असेल. ती पद्धत पटो न पटो, त्यामागची अडचण खरी आहे. ३५ लिहिणाऱ्या मुलाला फुली मारली, तर त्याला फक्त 'चुकलं' एवढं कळतं. आणि शिक्षकाला काहीच कळत नाही.

परीक्षा नकोतच, असं माझं म्हणणं नाही. परीक्षा हवीच. फक्त तपासण्याचे हेतू दोन असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. शिंपी कच्चे टाके घालून सदरा अंगावर चढवून बघतो, तेव्हा उसवायची सोय असते. सदरा पूर्ण झाल्यावर बघतो, तेव्हा बसला की नाही एवढंच सांगता येतं. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली या दोन प्रकारांना वेगळी नावं दिली. आपल्याकडे त्यांना आकारिक आणि संकलित मूल्यमापन म्हणतात.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिली गेली. पहिली-दुसरीत आकारिकला ७० आणि संकलितला ३० असा भार, तर सातवी-आठवीत ४० आणि ६०. कागदावर हे मला आजही पटतं. पण आम्ही त्याचं काय केलं? नोंदवह्या भरल्या. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळू लागली, त्यातून उतरवून काढल्या. 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो' हे वाक्य मी स्वतः एका वर्गात किती मुलांपुढे लिहिलं असेल, ते सांगायची लाज वाटते. पालकांना वाटलं परीक्षाच गेली, आणि शिक्षकांना वाटलं कारकुनी वाढली. पुढे २०१९ साली कायदा बदलला, आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. परीक्षा आली आणि गेली, तरी वही वाचायची राहून गेली ती गेलीच.

आता मी काय करतो, ते थोडक्यात सांगतो. इथे बरेच शिक्षक आहेत, त्यांना उपयोग होईल.

एक. वह्या तपासल्यावर गुणांप्रमाणे लावत नाही, चुकांप्रमाणे गठ्ठे करतो. पन्नास वह्यांचे साधारण चार-पाच गठ्ठे होतात. दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं, ते तेच गठ्ठे सांगतात. ज्या गठ्ठ्यात निम्मा वर्ग असतो, ती चूक मुलांची नसून माझ्या शिकवण्याची असते.

दोन. रोज पाच मुलांशी दोन-दोन मिनिटं बोलतो. "हे कसं केलंस, सांग," एवढंच विचारतो. बरोबर उत्तर आलेल्यांनाही विचारतो, कारण बरोबर उत्तर कधीकधी शेजारच्या वहीतून आलेलं असतं. दोन आठवड्यांत सगळा वर्ग होतो.

तीन. निबंधाच्या पहिल्या खेपेला गुण देत नाही. काय सुधारायचं ते एका ओळीत लिहितो. मूल दुरुस्त करून आणतं, मग गुण. याला आधार आहे. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळांत केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता अभिप्राय, काहींना दोन्ही. पुढे सुधारणा दिसली ती नुसता अभिप्राय मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेल्यांना त्या अभिप्रायाचा फायदा झाला नाही. गुण दिसले की माणूस पुढचं वाचत नाही, हे आपणा सर्वांना घरीही ठाऊक आहे.

खरं तर हे मला अभ्यासाच्या आधी आपल्या मराठीच्या बाईंनी शिकवलं होतं, फक्त मी विसरलो होतो. बाई, तुम्ही आठवीत माझ्या निबंधाखाली लिहिलं होतंत, 'दुसरा परिच्छेद पहिला करून बघ.' मी करून बघितला आणि निबंध उभा राहिला. त्या निबंधाला किती गुण होते ते आठवत नाही. तुमची ती ओळ मात्र आजही आठवते. वहीवर एवढंच लिहायचं असतं, हे कळायला मला नोकरीची कित्येक वर्षं लागली.

आता पत्रिका. आपल्या मित्राचा फोन ठेवल्यावर मी ती काढून वाचली. त्यावर छापलं आहे, '१९९० साली दहावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा.' तो मजकूर कुणी लिहिला होता? मीच. मूल्यमापनावर बोलणाऱ्या या शिक्षकाने. 'उत्तीर्ण' हा शब्द लिहिताना माझ्या मनात काहीच आलं नाही, कारण तो मला कधी टोचलाच नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वी मंडळाने एकदा दिलेला निकाल मी त्या मित्राला घरपोच पुन्हा दिला. त्याचं कोणतं गणित कुठे अडलं होतं, हे तेव्हाही कुणी पाहिलं नाही आणि आपण मित्रांनीही कधी विचारलं नाही.

आपल्या वर्गातले असे किती जण पत्रिका बघून घरीच थांबले असतील, मला माहीत नाही. म्हणून माझी एकच मागणी आहे. पुढच्या वेळी पत्रिकेवर 'आपल्या वर्गात बसलेले सर्व' एवढंच लिहू. आणि या आठवड्यात प्रत्येकाने आज न आलेल्या एकाला फोन करावा. माझा फोन कुणाला जाणार आहे, ते तुम्हाला कळलंच असेल.