बोलक्या बाहुलीची नजर आणि जबडा
(ग्वाल्हेर येथे महाजन कुटुंबीयांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोमंतकातील देवस्थानांची महाजनकी आणि ग्वाल्हेरचे वास्तव्य यांचा संबंध आजकालचा नव्हे. पेडणे महालातील केरी गावचे जिवबादादा केरकर महादजी शिंद्यांच्या पदरी बक्षीपदास चढले आणि १७९५ साली खर्ड्याच्या रणभूमीवर शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांनी केले, हे येथील मुलांनाही ठाऊक असावयास हवे. तथापि आजचा विषय तलवारीचा नाही, बाहुलीचा आहे. तोही घरच्या घरी, कागदाच्या लगद्याने आणि सायकलच्या तारेने घडविलेल्या, डोळे फिरविणाऱ्या आणि तोंड हालविणाऱ्या बाहुलीचा. विषय पोरकट वाटल्यास वाटो. दक्षिणेतील देवळांत नवरात्रात मखर कीर्तनाच्या लयीत झुलते, तेव्हा त्या लाकडी झुल्याची आखणी करणारा सुतार काही पोरखेळ करीत नसतो.

यंत्रपुत्तलिकेची कल्पना या माळव्याच्या परिसरास नवीन नाही. धारानगरीचा राजा भोज याच्या नावे अकराव्या शतकातील 'समराङ्गणसूत्रधार' हा वास्तुशास्त्रावरचा ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत तो १९२४-२५ साली छापला गेला. त्याच्या यंत्रविधान या अध्यायात स्त्री-पुरुषांच्या काष्ठप्रतिमा वर्णिल्या आहेत. अवयव निरनिराळे करावेत, खिळींनी सांधावेत, वर कातडे चढवावे, छिद्रांतून सूत्रे ओवावीत. मग ती प्रतिमा तांबूल देते, पाणी शिंपडते, आरशात पाहते, वीणा वाजविते. 'कथासरित्सागरा'तील सोमप्रभा तर करंडीभर यंत्रपुतळ्या घेऊन मैत्रिणीकडे जाते. खिळी दाबताच त्यांतील एक पाणी आणते, एक नाचते आणि एक चक्क संभाषण करते.

पण भोजाच्या ग्रंथात एक वाक्य असे आहे की त्यापाशी वाचक थबकतो. यंत्रांची घटना संपूर्ण सांगितलेली नाही, ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राहावी म्हणून, असे ग्रंथकार स्पष्ट म्हणतो. राजाला ते शोभले असेल. परिणाम मात्र हाच झाला की पुतळी पान देते एवढे वर्णन उरले आणि तिच्या कोपरात कोणती खीळ होती हे नाहीसे झाले. आज येथे जे सांगावयाचे ते खिळीसकट सांगावयाचे आहे.

लोकपरंपरेतील बाहुल्या निराळ्या. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी हे तिन्ही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आले; त्यांतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. राजस्थानची कठपुतळी तर ग्वाल्हेरच्या मेळ्यात सर्वांनी पाहिलेली असेल. परंतु या बाहुल्यांचे मुख स्थिर असते. अंगविक्षेपाने त्या बोलतात. ओठ आणि डोळे त्यांना रंगाऱ्याने एकदाच दिलेले असतात. ज्येष्ठा गौरीच्या मुखवट्यासारखेच ते. प्रसन्न, पण अचल.

चेहरा चल करण्याचा मराठी इतिहास यशवंत केशव पाध्ये यांच्यापासून सुरू होतो. १९१६ च्या सुमारास त्यांचा अर्धवटराव अवतरला. शब्दभ्रमाची कला, म्हणजे ओठ न हालविता बोलणे आणि तो आवाज बाहुलीचा आहे असे भासविणे, त्यांनी या देशात रुजविली. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी यंत्र-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९६७ पासून हा वारसा रंगमंचावर चालविला. अर्धवटरावाच्या जोडीस आवडाबाई आली. पुढे 'झपाटलेला' या १९९३ च्या महेश कोठारे यांच्या चित्रपटासाठी रामदासांनीच तात्या विंचू घडविला आणि महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीची झोप उडविली. आता त्यांचे पुत्र सत्यजित हेही बाहुल्या बोलत्या करतात. शंभर वर्षे उलटून गेलेला अर्धवटराव तीन पिढ्यांच्या हातावर बसला. भोजाची पुतळी हरवली आणि हा उरला, कारण घरात बापाने मुलाच्या हाती दांडा दिला.

येथे नावांचा एक विचार करावा. व्याकरणात प, फ, ब, भ, म हा ओष्ठ्य वर्ग. ओठ मिटल्यावाचून तो उच्चारता येत नाही. शब्दभ्रमकाराचे सगळे वैर या पाच अक्षरांशी असते. 'म'च्या जागी 'न', 'प'च्या जागी 'त' अशी जिभेने चोरी करून, चेहऱ्यावर निरागस स्मित ठेवून तो ती पार पाडतो. 'अर्धवटराव' या नावात ओष्ठ्य वर्गाचे एकही अक्षर नाही. 'व' आहे, परंतु मराठीतील 'व' ओठ पुरते न मिटता निभतो. 'तात्या विंचू' यातही नाही. घरी बाहुली करणाऱ्याने तिचे नाव पमाबाई किंवा बाबूभाऊ ठेवू नये; पहिल्याच वाक्यात फजिती होईल.

ग्वाल्हेरच्या गायकीत खुल्या आवाजाचे, मोकळ्या आकाराचे केवढे महत्त्व! बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथूनच ती विद्या दक्षिणेत घेऊन गेले. शब्दभ्रमाचा आवाज नेमका त्याच्या उलट. गळ्यात दाबलेला, टाळूमागे कोंडलेला. या नगरीतील जाणकारांना तो रुचणार नाही, हे कबूल. पण बाहुलीला ख्याल गावयाचा नसतो, टोमणा मारावयाचा असतो.

आता घडणीकडे वळू. प्रथम शाडूच्या मातीचे मस्तक करावे. नाक-कान ठळक ठेवावेत, कारण चौथ्या रांगेपासून पुढे बारीक काम कोणास दिसत नाही. मस्तकावर जुन्या वर्तमानपत्राच्या बोटभर पट्ट्या चिकटवाव्यात. पहिला थर नुसत्या पाण्याने, म्हणजे तो मातीस धरत नाही. नंतरचे आठ-दहा थर खळीने. खळीत मेथीची पूड मिसळावी. पूर्वी घरोघरी आज्या कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करीत, त्यांत मेथी वाटून घालीत. चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकावाचून आलेले आहे. सावलीत वाळल्यावर कानांमागून पात्याने कापून दोन अर्धुके वेगळी करावीत आणि माती काढावी. आत पोकळ, हलके मस्तक उरते. लाकूडच हवे असल्यास सावंतवाडीची खेळणी ज्याची होतात तो पांगारा घ्यावा; सागवानाचे डोके अर्ध्या तासात मनगट मोडते.

जबडा सोपा. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून हनुवटीखालपर्यंत सरळ खाचा पाडून तेवढा तुकडा सुटा करावा, त्याच्या कडा केसभर घासाव्यात, मागे पट्टी जोडून ती सायकलच्या तारेच्या आडव्या आसावर टांगावी. वरून बारीक स्प्रिंग त्यास मिटलेला ठेवते. खालून दोरी ओढली की तोंड उघडते. दोरीस सुतळी नको, ती ताणते. मासे गळाला लावण्याची नायलॉनची दोरी उत्तम. जबडा मिटताना 'टक्' असा आवाज होतो. तो लपविण्यास आतून फ्लॅनेलची पट्टी लावावी. बहुतेक नवशिके ती विसरतात आणि मग बाहुली बोलते की अडकित्ता चालतो हे कळत नाही.

डोळे कठीण. टेबल-टेनिसचे दोन चेंडू प्रत्येकी एका उभ्या तारेवर फिरते बसवावेत. प्रत्येकाच्या पाठीमागे लहानशी शेपटी काढून दोन्ही शेपट्या एका आडव्या काडीने सांधाव्यात, म्हणजे दोघे एकाच वेळी, एकाच दिशेस वळतात. छत्रीची मोडकी काडी या कामास पुरते. काडीच्या दोन्ही टोकांस सारख्या ताणाच्या स्प्रिंगा. त्यामुळे दोरी सोडताच नजर मध्यावर येते. ताण असमान झाला तर बाहुली जन्माची तिरळी. बुबुळे काढताना ती नाकाकडे किंचित कललेली ठेवावीत. अगदी मध्यावर काढलेली बुबुळे शून्यात पाहतात. किंचित आत वळलेली समोरच्या माणसाकडे पाहतात. सगळ्या यंत्राचा जीव या सुताभर अंतरात आहे. डोळ्यांचा खरा उपयोगही थोडकाच. जो सारखे डोळे फिरवितो त्याची बाहुली वेडी दिसते. प्रश्न ऐकावा, गप्प बसावे, मग एकदाच डोळे धन्याकडे वळवावेत. प्रेक्षक तेथे हसतो.

सर्व दोऱ्या मस्तकाखालच्या पोकळ दांड्यातून उतरतात. दांड्यावर अंगठ्याखाली जबड्याची तरफ आणि पुढच्या दोन बोटांखाली डोळ्यांच्या दोन. धड पोकळ, पाठीस हात जाण्याएवढे भोक. मस्तकाची मागची अर्धुकी डिंकाने कायमची चिकटवू नये, स्क्रूने बसवावी. दोरी तुटणार आणि ती प्रयोगाच्या दिवशीच तुटणार.

तोंड केव्हा उघडावे याचा नियम मराठीस अनुकूल आहे. एका उच्चारात एक स्वर, एका स्वरास एकदा तोंड. लिहिताना 'अर्धवटराव' यात सहा अक्षरे दिसतात. बोलताना 'अर्-ध-वट्-राव्' असे चारच स्वर येतात, म्हणून जबडा चारदाच. लिहिलेल्या अक्षरांवर जबडा हालविणारा शाळेतील धडा वाचल्यासारखा वाटतो. मुलांना अंगठा आणि चार बोटे जुळवून आरशासमोर हा सराव करावयास सांगावे, बाहुली नंतर. येथे एक गोष्ट सहज घडते. ग्वाल्हेरात घराबाहेर सारा व्यवहार हिंदीत चालतो आणि महाजन घरांतील नातवंडे आजीला मराठीत उत्तर देताना अडखळतात. त्याच नातवंडांना बाहुलीच्या तोंडून मराठी बोलावयास सांगितले की लाज नाहीशी होते, कारण चुकले तर बाहुली चुकली. आजीने कान दुरुस्त करावयाचा तो बाहुलीचा.

पश्चिमेत ही कला मोठी झाली, ती यंत्राहून स्वभावाच्या बळावर. अमेरिकेत एड्गर बर्गन यांचा चार्ली मॅकार्थी १९३७ पासून रेडिओवर गाजला. इंग्लंडमध्ये १९५० साली आर्ची अँड्र्यूज यानेही तेच केले. रेडिओवर बाहुली! डोळे नाहीत, जबडा नाही, ओठ हालले तरी पाहणारा कोणी नाही. तरी लोक ऐकत, कारण चार्लीचा आगाऊपणा खरा होता. त्याची लाकडी मूर्ती आज स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. उलट उदाहरण येथल्याच जयविलास प्रासादात आहे. माधवराव शिंद्यांच्या मेजवानीच्या मेजावर फिरणारी ती चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया आणते आणि सुरई उचलताच थांबते. कारागिरी अप्रतिम. परंतु ती कोणाकडे पाहत नाही. अक्षय्यतृतीयेला या प्रांतात मुली ज्यांचे लग्न लावतात त्या चिंध्यांच्या बाहुल्यांत एकही खीळ नसते आणि तरी त्यांची पाठवणी करताना मुली रडतात.

गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री जे नरकासुर उभे राहतात, त्यांचे जबडे आणि डोळे आता चाके, दोऱ्या आणि मोटारी लावून हालतात, हे सुटीत गावी गेलेल्या मंडळींनी पाहिले असेल. पहाटे सारे जळून जाते. तीच मुले तीच युक्ती घरच्या बाहुलीत वापरतील तर ती दहा चतुर्थ्या टिकेल.

टिकण्यावरून अखेरची सूचना. कोकणात आणि गोव्यात बाहुलीचा शत्रू पावसाळा. तेथे कागदी मस्तकास आतूनही रोगण द्यावे आणि आषाढ-श्रावणात पेटीत कडुनिंबाचा वाळला पाला ठेवावा. ग्वाल्हेरात शत्रू वैशाख-ज्येष्ठातील लू. पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, रंगास तडे पडतात आणि स्प्रिंगेऐवजी रबर वापरले असल्यास ते चैत्रात ताणलेले असते ते आषाढात वाटाण्यासारखे तुटते. म्हणून उन्हाळ्यात बाहुली सुती पिशवीत, गच्चीखालच्या खोलीत न ठेवता तळमजल्यावर ठेवावी, दोऱ्या सैल सोडाव्यात, जबडा उघडा राहू द्यावा. गणेशचतुर्थीच्या आठ दिवस आधी मागची अर्धुकी उघडून आसांवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि प्रथम डोळे फिरवून पाहावेत.