हेलियमची राखण



आपल्या बीड जिल्ह्यात उन्हाळा लागला की पाण्याचा हिशेब लहान पोरेही शिकतात. भाजी धुतलेले पाणी जनावराला, अंघोळीचे परसातल्या झाडाला. एकच घागर दोनदा कामी येते. आज मी अशीच काटकसर सांगणार आहे. मात्र ती पाण्याची नव्हे, हेलियम नावाच्या वायूची.

हा वायू उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला म्हणजे त्याचा द्रव होतो. हॉलंडमध्ये लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली हे प्रथम साधले. पुढे १९११ साली त्यांना दिसले की, एवढ्या थंडीत पाऱ्यातून वीज विनाअडथळा वाहते. काही धातूंच्या याच गुणावर आज मोठ्या दवाखान्यांतली बहुतेक एम. आर. आय. यंत्रे चालतात. म्हणजे ही थंडी रोग्याच्याही उपयोगाची आहे.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथे द्रव हेलियम तयार करून प्रयोगांना पुरवतात. प्रयोग चालू असता हा द्रव उकळतो आणि एका लिटरचा सातशे लिटरांहून अधिक वायू होतो. तो हवेत सोडून द्यायचा का? नाही. अशा प्रयोगशाळांत तो नळीने परत आणतात, मोठ्या पिशवीत साठवतात, दाबून टाक्यांत भरतात. मग त्यातली हवा आणि ओल काढून पुन्हा द्रव करतात. यात एखादा सांधा जरी सैल राहिला, तरी फुटक्या पाटासारखी गत होते.

एवढी राखण कशासाठी? पाण्याची वाफ झाली तरी मृगाची आशा असते. हेलियमचा पाऊस पडत नाही! खडकांतल्या युरेनियम-थोरियमपासून तो कोट्यवधी वर्षे जमिनीखाली साठत जातो. एकदा मोकळा सुटला की हवेत विरतो आणि हळूहळू पृथ्वीच सोडून जातो. शिवाय आपल्या देशाला तो परदेशातून विकत आणावा लागतो.

गुरुजी, उद्या वर्गात उकळत्या किटलीच्या तोटीपुढे थंड ताटली चिमट्याने धरा. वाफेचे थेंब मुलांना दाखवा आणि सांगा, "गेलेले असे परत धरता येते, पण ते जाण्याआधी हात पुढे करावा लागतो."