तीन साक्षी : एक पुस्तक, एक गीतसंग्रह, एक चित्रपट
(कल्याण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काय वाचावे, काय ऐकावे, काय पाहावे, असा प्रश्न आपले तरुण मला वारंवार विचारतात. माझा व्यवसाय वकिलीचा. आमच्याकडे ऐकीव गोष्टीपेक्षा प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या व भोगणाऱ्याच्या साक्षीला अधिक मोल असते. त्याच कसोटीवर घासून मी तीन कृती आपल्यापुढे ठेवतो.

पहिले पुस्तक. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. चळवळीतील स्त्रियांचा इतिहास आणि त्या स्त्रियांच्या मुलाखती असे त्याचे स्वरूप आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत आपल्या भगिनींनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीकत्व बंद करा असे म्हटले. हिंदू विवाह कायदा त्यानंतर तेरा वर्षांनी, १९५५ साली झाला. आणि मध्यंतरी हिंदू संहिता विधेयक अडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. हक्क कोणी वरून दिलेला नाही, आपल्या आयाबहिणींनी तो आधी मागितला होता, हे या पुस्तकातून कळते. ते वाचून झाल्यावर वही घ्या आणि घरातील आजीजवळ बसा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात पोहोचले आहेत. साक्षीदार निघून गेल्यावर साक्ष नोंदवता येत नाही.

दुसरी शिफारस प्रल्हाद शिंदे यांच्या भीमगीतांच्या संग्रहाची. कल्याणकरांना त्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही; ते आपल्याच गावात राहिले. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाददादा दोघेही २००४ साली, थोड्या दिवसांच्या अंतराने गेले. कोणी म्हणेल, प्रल्हाददादांनी विठ्ठलाची व गणपतीचीही गाणी गायिली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने ती का ऐकावीत? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, गायकाचे पोट त्याच्या गळ्यावर चालते, आणि प्रतिज्ञा आपण घेतली आहे. तेव्हा निवड करण्याची जबाबदारीही आपलीच. ज्या वस्तीत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते, तेथे बाबासाहेबांचे चरित्र अशा गाण्यांनी पोहोचवले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तिसरी शिफारस चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ सालचा चित्रपट. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की, त्यांचे गाणे ऐकून गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतील कार्यकर्ते होते. २०२१ साली ते गेले. मृताची पत्नी साक्षीला उभी राहते आणि शांतपणे सांगते की, विषारी वायूने नवऱ्याचा एक डोळा गेला होता आणि संरक्षणाची साधने त्याला मिळत नव्हती. गाण्याने माणूस मेला काय, याची चौकशी होते. त्याला उघड्या अंगाने आत कोणी उतरवले, हा प्रश्न आरोपपत्रात नाही. तारखांवर तारखा पडतात. मी त्या दालनांत रोज उभा असतो. त्यात अतिशयोक्ती मला आढळली नाही.

ही गोष्ट पडद्यावरची म्हणून सोडून देऊ नका. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळी येथे एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले तीन कामगार मरण पावले. संरक्षणाशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये ठरवली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती तीस लाख केली. आपल्या वस्तीतील किती विधवांना हे ठाऊक आहे? चित्रपट पाहून झाल्यावर हा आकडा त्यांच्या दारापर्यंत पोहोचवा.

पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसेल तर कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात (स्थापना १८६४) किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९३) मागा. तेथे नसेल तर मागणी लेखी नोंदवा. तोंडी मागणी विसरली जाते, लेखी मागणीला उत्तर द्यावे लागते.

जयभीम.