कोयता निघतो तेव्हा

दसरा झाला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंत आपण ज्याला अहमदनगर म्हणत होतो त्याच जिल्ह्यात, पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ट्रॅक्टर येतो, नवराबायकोचा ‘कोयता’ त्यात चढतो, आणि पाठोपाठ मूलही. पुढचे पाच महिने फडावर, कोपीत. इकडे हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात.

“या पालकांना शिक्षणाची आवडच नाही,” असे मग आपण म्हणतो. मीही म्हणत असे. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास एका वस्तीवर गेलो. आईबाप खुरपणीला गेलेले, घरी आजी. ती म्हणाली, “सर, साळंची चिठ्ठी आली व्हती. पर वाचायची कुणी? अन् सभा अकराला. तवा समदी रानात.” चिठ्ठी कोनाड्यात तशीच होती. थोरल्या नातीला यंदा फडावर न्यायचे ठरत होते, धाकट्या भावाला सांभाळायला. कॉलेजात शिकवणाऱ्या मला उत्तर सुचेना.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, दुर्बल घटकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा हवी. उत्तम! परंतु ज्याचे मूल गळते तो पालक सभेच्या दिवशी ऊस तोडत असतो. मग समितीत आजीला का बसवू नये? मुलाचा सांभाळ करणाराही कायद्याने पालकच आहे.

आईबाप गेले तरी मूल गावात राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. पण न्यायचे की ठेवायचे, हा निर्णय घरात उचल येते तेव्हाच होतो. गुरुजींनी जायचे ते त्याआधी, दिवेलागणीला, वस्तीवर. तांड्यावर जायचे तर गोरमाटी बोलणारे कुणी सोबत घ्यावे. आणि बोलण्याआधी ऐकावे. कारण आईचा प्रश्न साधा असतो: पोर मागे राहिली तर रात्री तिच्यापाशी कोण?

याचे उत्तर एकटा शिक्षक देऊ शकत नाही, गावच देऊ शकते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायांनी मूठ मूठ धान्य बाजूला काढले, त्याला मुष्टिफंड म्हणत. त्या धान्यावर नाना जातींची मुले एकत्र जेवली. शाळा कुणाची, हे त्या बायांना वेगळे सांगावे लागले नसेल.

आमच्या आजीच्या शेजारच्या दोघींनी आळीपाळीने तिच्याकडे निजायला यायचे कबूल केले. नात राहिली, वर्षभर शाळेत गेली. धाकटा मात्र आईबरोबर फडावर गेला. तिथे त्याला कुणी सांभाळले, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले आहे.