लेखणी हाती घेणाऱ्यांस
(नवदीक्षितांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

उपासक व उपासिकांनो,

दीक्षेनंतर आपणांपैकी अनेकजण या पाक्षिकाकडे पत्रे व वृत्ते पाठवू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. ता. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले, ते मुक्यांना वाचा मिळावी म्हणून. १९२७ साली निघालेल्या ‘बहिष्कृत भारता’चा बहुतेक मजकूर त्यांना स्वतःलाच लिहावा लागे. आज लेखणी घरोघरी आहे. म्हणूनच ती कशी धरावी, हे सांगणे मला अगत्याचे वाटते.

माझ्याकडे एक तरुण आला होता. त्याच्या गावी एका नवदीक्षित कुटुंबास सार्वजनिक पाणवठ्यावर अडविले होते. तक्रार खरी होती. परंतु त्याने छापावयास दिलेल्या वृत्तात तारीख नव्हती, वेळ नव्हती. होत्या त्या शिव्या, आणि ऐकीव माहितीवरून घातलेले एक नाव. तो गृहस्थ त्या दिवशी गावातच नव्हता! त्याची नोटीस आली, माफी मागावी लागली, आणि पाण्याचा प्रश्न बाजूस पडून गाव त्या चुकीचीच चर्चा करीत बसला. अन्याय करणारे मोकळे राहिले.

भगवान बुद्धांनी सम्यक् वाचेची चार अंगे सांगितली आहेत. ती लेखणीसही लागू आहेत.

पहिले, असत्य टाळा. जे डोळ्यांनी पाहिले ते पाहिले म्हणून लिहा. जे ऐकले ते कोणाकडून ऐकले ते सांगा. दिवस, स्थळ, साक्षीदार नमूद करा.

दुसरे, चहाडी टाळा. भावकीतील वैर सार्वजनिक प्रश्नाच्या नावाखाली छापू नका. भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमान्वये बदनामी हा गुन्हा आहे. केवळ ‘खरे आहे’ एवढा बचाव पुरत नाही. ते छापणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते.

तिसरे, कठोर वचन टाळा. शिवी दिली की वाचक शिवीच लक्षात ठेवतो, अन्याय विसरतो.

चौथे, व्यर्थ बडबड टाळा. एका पत्रात एकच गोष्ट सांगा.

आणखी दोन सूचना. बलात्कारपीडित भगिनीचे नाव वा ओळख कदापि छापू नका. कायद्याने तो गुन्हा आहे आणि माणुसकीनेही. तसेच वृत्त छापले म्हणजे फिर्याद झाली असे समजू नका. आधी पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवा व तिची प्रत मागून घ्या. ती विनामूल्य मिळणे हा फिर्यादीचा हक्क आहे.

संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९व्याने आपणांस बोलण्याचा हक्क दिला. पहिल्याची पायमल्ली कोठे होते, हे जगापुढे मांडण्याचे साधन दुसरा होय. ते साधन आपल्याच हलगर्जीपणाने बोथट होऊ देऊ नका. निर्भयपणे लिहा, खरे लिहा, आणि खाली आपले नाव घाला.

जय भीम!