स्मृतीच्या कसोटीची कसोटी

चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावती, म्हणजे पूर्वीचें भांदक, हें फार जुनें गांव. विजासनचीं लेणीं आणि पार्श्वनाथाचें मंदिर यांच्या रूपानें या गांवाची स्मृति दगडांत टिकून राहिली आहे. माणसाची स्मृति इतकी टिकाऊ नसते. पन्नाशीच्या घरांत आलेल्या एखाद्या गृहिणीला शेजारणीचें नांव चटकन् आठवेनासें होतें, किंवा खाणींत काम करणारा एखादा गृहस्थ किल्ली कोठें ठेवली तें वरचेवर विसरूं लागतो. घरचीं माणसें हंसतात आणि मनांतल्या मनांत भितातहि. हें वयाचें साधें विस्मरण आहे, कीं एखाद्या रोगाची पहिली चाहूल?

या प्रश्नाचें उत्तर देण्यास वैद्याच्या हातीं कांहीं माप असावें लागतें. ताप मोजण्यास थर्मामीटर आहे. स्मृति मोजण्यास शब्दांच्या आणि प्रश्नांच्या कसोट्या आहेत. थर्मामीटर भद्रावतींत आणि बार्सिलोनांत सारखाच चालतो. शब्दांची कसोटी तशी चालत नाहीं.

या कसोट्यांपैकीं एक अतिशय प्रसिद्ध कसोटी अमेरिकेंत फोल्स्टीन पतिपत्नी व मॅकह्यू यांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केली. ती एकंदर ३० गुणांची. तींत तारीख विचारतात, १०० मधून ७ वजा करीत जावयास सांगतात, लेखी सूचना वाचून तीप्रमाणें वागावयास लावतात आणि एक वाक्य लिहून घेतात. ज्यानें शाळेचें तोंड पाहिलेलें नाहीं त्याला येथें कित्येक गुणांना मुकावें लागेल, मग त्याची स्मृति कितीहि निर्दोष असो. ही अडचण ओळखून गांगुली प्रभृति संशोधकांनीं हरियाणांतील बल्लभगड भागासाठीं हिंदी कसोटी सिद्ध केली व ती १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत १०० मधून ७ ऐवजीं २० मधून ३ वजा करावयाचे. वाचनलेखनाची अट काढून टाकलेली. मराठी भाषकांनाहि हा विचार अगदीं नवा नव्हे. बिने यांची बुद्धिमापनाची कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठीं नव्यानें बसवून व्ही. व्ही. कामत यांनीं १९३४ सालींच प्रसिद्ध केली होती.

निरोगी मध्यमवयस्कांची गोष्ट मात्र याहून अवघड आहे. सोप्या कसोटींत ते बहुतेक सारेच पूर्ण गुण मिळवितात. मग कोणाचें काय घटूं लागलें तें कळावें कसें? अल्झायमरच्या रोगांत मेंदूंतील फेरबदल विस्मरण उघड होण्यापूर्वीं कित्येक वर्षें सुरू झालेले असतात. म्हणून या वयासाठीं कसोटी कठीण हवी. न्यूयॉर्कच्या हर्मन बुश्के यांनीं अशी एक कसोटी रचली. तींत १६ शब्दांची एक यादी देतात. प्रत्येक शब्द निराळ्या वर्गांतला. समजा, एक फळ, एक वाद्य, एक झाड. मग त्याच १६ वर्गांतले दुसरे १६ शब्द देतात, आणि शेवटीं केवळ वर्गाचें नांव उच्चारून दोनहि शब्द एकदम मागतात. श्रोत्यांनीं घरीं हा प्रयोग करून पाहावा, म्हणजे त्यांतील अवघडपणा ध्यानांत येईल. बार्सिलोनाचे माजी महापौर पास्क्वाल मारागाल यांनीं आपणांस अल्झायमर झाल्याचें २००७ सालीं जाहीर केलें. पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवें संस्था निघाली. तिच्या अभ्यासांत ४५ ते ७४ वर्षांचे २७४३ निरोगी स्त्रीपुरुष सामील झाले, आणि स्पॅनिश भाषेंतील ही कसोटी तेथें पारखली गेली.

हीच कसोटी भद्रावतींत आणावयाची तर नुसतें भाषांतर पुरणार नाहीं. 'झाड' म्हणतांच ज्याच्या तोंडीं 'मोह' सहज येतो, अशा मुलखांत यादींत मोह ठेवला, तर उत्तर स्मृतीनें दिलें कीं अंदाजानें, हें समजणार नाहीं. मुंबईच्या माणसाला तेंच झाड अनोळखी. त्याला मोह म्हणजे लोभ असाच अर्थ आधीं सुचेल. म्हणून कोणतें नांव किती जणांच्या तोंडीं प्रथम येतें, हें स्थानिक लोकांना विचारून मोजावें लागतें, आणि फार परिचित तसेच फार अपरिचित शब्द गाळावे लागतात. घरीं गोंडी बोलणाऱ्याची, किंवा सिरोंच्याकडील तेलुगु भाषकाची परीक्षा मराठींत घेतली, तर स्मृतीऐवजीं भाषेचेंच माप निघण्याचा संभव आहे.

यादी ठरली कीं खरें काम सुरू होतें. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कारागीर, कोळशाच्या खाणींतील मजूर, मातीचीं भांडीं घडविणारे, शेतकरी, शिक्षक अशा निरोगी माणसांचे वयाप्रमाणें व शिक्षणाप्रमाणें गट पाडून प्रत्येक गटांत सामान्यतः किती गुण पडतात तें ठरवावें लागतें. कांहीं आठवड्यांनीं पुन्हां परीक्षा घेऊन गुण स्थिर राहतात कीं नाहीं तें पाहावयाचें. पहिली यादी लक्षांत राहिली असेल म्हणून तितकीच कठीण दुसरी यादी तयार ठेवावयाची. परीक्षक बदलला तरी निकाल बदलतां कामा नये. इतर कसोट्यांशीं मेळ बसला पाहिजे, आणि ज्यांचा रोग निश्चित झाला आहे ते निरोग्यांपासून निराळे दिसले पाहिजेत.

एवढा खटाटोप कशासाठीं? कसोटी चुकली तर ती दोन प्रकारें चुकते. धडधाकट शेतकरी बाईच्या नांवें रोगाची चिठ्ठी लागते, आणि घरांत तिचा शब्द कोणी मानीत नाहीं, व्यवहारांत तिचा अंगठा कोणी धरीत नाहीं. उलट, पुष्कळ शिकलेल्या गृहस्थाचे गुण त्याच्या बरोबरीच्यांहून खालावलेले असूनहि सरसकट सरासरींत बसतात, आणि सावध होण्याचा काळ निघून जातो. दोनहि ठिकाणीं दोष त्या माणसाचा नसतो, मापाचा असतो. शेजारणीचें नांव विसरलेल्या त्या गृहिणीला वैद्यानें कांहीं सांगण्यापूर्वीं, हें माप तिच्यासारख्या निरोगी माणसांवर कधीं पारखलें होतें काय, हा प्रश्न त्यानें स्वतःस विचारला पाहिजे.