गोळी बदलली, आता मध्येच सोडायची नाही

(वनहक्क शिबिरात संघटनेच्या आरोग्य गटाने केलेलं भाषण)



जमिनीच्या शिबिरात आम्ही गोळ्यांबद्दल बोलायला उभे राहिलो, याचं काहींना नवल वाटेल. पण दाव्याची मोजणी करायची तर दिवसभर उन्हात डोंगर चढावा लागतो. तहसीलवर बसायचं तर दोन-दोन दिवस बसावं लागतं. ज्याचे सांधे सिकलसेलने धरलेत, तो तिथे पोचतच नाही. त्याचा दावा मागे राहतो. म्हणून हा विषयही जमिनीचाच आहे.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातला तांबडा कण गोल आणि लवचिक असतो. या आजारात तो विळ्यासारखा वाकडा आणि ताठ होतो. बारीक नसांमध्ये अडकतो, आणि मग हाडं फोडल्यासारखी दुखतात. चांगला कण सुमारे 120 दिवस जगतो, हा 10 ते 20 दिवसांत मरतो. म्हणून रक्त कमी पडतं, डोळे पिवळे होतात. हा कुणाचा शाप नाही, कुणी केलेली करणी नाही. हा आई आणि बाप दोघांकडून येतो. आपल्या देशात तो पहिल्यांदा 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. म्हणजे आपण एकटे नाही.

आता गोळ्यांचं. आजपर्यंत आपल्याला काय मिळत होतं? पिवळी छोटी गोळी, म्हणजे फॉलिक ॲसिड. आणि दुखलं की दुखण्याची गोळी, नाहीतर सुई. पिवळी गोळी नवीन रक्त बनायला मदत करते, पण कण वाकडा होणं थांबवत नाही. दुखण्याची गोळी दुखणं दाबते, आजार तसाच राहतो. आता डॉक्टर बऱ्याच जणांना हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल सुरू करतात. हे औषध वेगळ्या तऱ्हेने काम करतं. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर ते कमी होत जातं. ही कॅप्सूल ते पुन्हा वाढवते. ते वाढलं की कण सहज वाकडा होत नाही. 1995 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. 1998 साली तिथे सिकलसेलसाठी हे औषध मंजूर झालं.

पाड्यापाड्यांत फिरताना आम्हाला तीन गोष्टी सारख्या ऐकू येतात.

पहिली: "महिना झाला खातोय, काही फरक नाही." अहो, हे दुखण्याचं औषध नाही, सुईसारखं लगेच काम करत नाही. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. दुखत असो की नसो, रोज घ्यायची. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. जुन्या गोळ्याही फेकू नका. पिवळी गोळी चालू ठेवायची की नाही ते डॉक्टरला विचारा.

दुसरी: "हे तर कॅन्सरचं औषध आहे." खरं आहे, रक्ताच्या काही कॅन्सरमध्येही ते देतात. म्हणून सिकलसेलवाल्याला कॅन्सर झाला असं होत नाही. पण औषध तेज आहे, हेही लपवायचं नाही. त्याने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. म्हणून सुरुवातीला दर महिन्याला आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. पेशी फार उतरल्या तर डॉक्टर काही दिवस थांबवतात, मग कमी करून देतात. डोस वजनावर ठरतो, म्हणून भावाची कॅप्सूल बहिणीला द्यायची नाही. कॅप्सूल फोडायची नाही, लहान पोरांच्या हाताला लागू द्यायची नाही. मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर बाईने लगेच डॉक्टरला सांगायचं. मूल हवं असेल तर पुरुषानेही आधी विचारायचं. ताप आला, नाकातोंडातून रक्त आलं, छातीत दुखलं, धाप लागली, तर घरी थांबू नका. बडव्याकडे जायचं त्याने जावं, आम्ही अडवणार नाही. पण आधी दवाखाना, आणि कॅप्सूल डॉक्टरने सांगितल्याशिवाय बंद करायची नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी: "केंद्रात गोळी संपली." इथे माणसाचा काय दोष? दिवाळीनंतर आपली माणसं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, काही होळीलाच परत येतात. रोज एक कॅप्सूल धरली तरी चार महिन्यांना 120 लागतात. हातात पंधराच दिल्या तर बाकीचे दिवस तो फडात काय खाणार? औषध तुटलं की काही आठवड्यांत झटके परत येतात. मग म्हणणार, आदिवासी नियमाने गोळी खात नाही.

सरकारने 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. 2047 पर्यंत हा आजार संपवायचा म्हणतात. चांगलं आहे. रक्त तपासून कार्ड दिलं, फोटो काढला, एवढ्याने आजार संपत नाही. ज्याला कार्ड दिलं त्याला बारा महिने औषध आणि तपासणी मिळाली पाहिजे. 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातही सिकलसेल आहे. प्रमाणपत्र मागा. कुणी मेहरबानी करत नाही, कायद्यात लिहिलंय.

म्हणून आमची मागणी आणि आपलं काम असं ठरवूया:

1. प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव घ्यावा की आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरियाचा साठा किती आहे ते दर महिन्याला फळ्यावर लिहावं.

2. गोळी नाही म्हणाले तर तोंडी ऐकून परत यायचं नाही. तसं कागदावर लिहून, तारीख टाकून, सही घ्यायची. वनदाव्याची पोच घेतो तशीच.

3. स्थलांतराआधी रक्त तपासून, डॉक्टर देतील तेवढं जास्त दिवसांचं औषध घ्यायचं. तपासणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत सोबत न्यायचे. गुजरातमध्येही सिकलसेलचा सरकारी कार्यक्रम आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवायचे.

4. मोजणीला, मोर्चाला, फडात सिकलसेलच्या माणसाला सारखं पाणी द्यायचं, जड ओझं द्यायचं नाही. तो येऊ शकला नाही तर गावाने त्याच्या प्लॉटवर उभं राहायचं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गाव समितीने दोन आकडे आणावेत: गावात किती जण ही कॅप्सूल खातात, आणि गेल्या तीन महिन्यांत किती दिवस ती मिळाली नाही. ते आकडे घेऊन आपण तालुक्याला जाऊ.

जिंदाबाद!